सूरह फातिहात ‘ख’ नाही

एका दिवसाचा हिशेब मांडून बघा. पाच वेळच्या नमाजांत फर्जच्या (सक्तीच्या) १७ रकाती, म्हणजे उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचे फेरे, सुन्नते मुअक्कदाच्या (पैगंबरांनी नेमानं पढलेल्या) १२ आणि रात्रीच्या वित्रच्या ३. झाल्या ३२. हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या फिकहवर (धर्मनियमांवर) चालणारा माणूस एकट्यानं नमाज पढला, तर दिवसातून ३२ वेळा सूरह फातिहा, म्हणजे कुरआनचा पहिला अध्याय, त्याच्या तोंडून जाते. वर्षाचे साडेअकरा हजारांच्या वर होतात. जमातीत (सामुदायिक नमाजात) इमामामागे उभा राहिला, तर फर्जच्या १७ रकातींत तो गप्प असतो. उरलेल्या १५ कुठं गेल्या नाहीत.

इतक्या वेळा तोंडून जाणारं कलाम आपण बरोबर म्हणतो का, आणि त्यातलं आपल्याला काय कळतं? आपल्या मराठवाड्यात या दोन प्रश्नांचे दोन पक्ष होऊन बसलेत. एक म्हणतो, ‘अरबी पढते रहो, हर हर्फ पे दस नेकी, मतलब निकालना आलिमों का काम.’ दुसरा बहुधा कॉलेजात शिकलेला असतो. तो म्हणतो, ‘अर्थ कळत नसताना घोकून काय उपयोग? मराठीतून वाचा.’

पहिल्याजवळ हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. तिर्मिजीच्या हदीससंग्रहात आलंय, की कुरआनचं एक अक्षर पढणाऱ्याला एक नेकी आणि त्या नेकीचं दसपट मोल. पुढं पैगंबर (सल्ल.) म्हणतात, ‘अलिफ-लाम-मीम हे एक अक्षर असं मी म्हणत नाही, अलिफ एक अक्षर, लाम एक, मीम एक.’ इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. उदाहरणाला जी अक्षरं घेतली, त्यांचा पक्का अर्थ अल्लाहलाच ठाऊक, असं बहुतेक मुफस्सिर (कुरआनचे भाष्यकार) सांगतात. अशा सुट्या अक्षरांनी २९ सूरह सुरू होतात. म्हणजे अर्थ हाती लागत नसतानाही पठणाला मोल आहे, हे त्या उदाहरणातच आलं.

दुसऱ्याजवळ तर खुद्द कुरआन आहे. सूरह सादच्या २९व्या आयतीत (वचनात) हा बरकतीचा ग्रंथ कशासाठी उतरवला ते सांगितलंय: लोकांनी त्याच्या आयतींवर चिंतन करावं म्हणून. सूरह मुहम्मदच्या २४व्या आयतीत विचारलंय, हे कुरआनवर विचार करत नाहीत, की त्यांच्या दिलांना कुलपं लागलीत? आणि सूरह मुज्जम्मिलच्या चौथ्या आयतीत हुकूम आहे, कुरआन थांबत थांबत, स्पष्ट पढा. त्यालाच तरतील म्हणतात. तिन्ही आयती एकाच ग्रंथातल्या आहेत. त्यातली एक धरायची आणि दुसरी सोडायची, ही मुभा कुणाला दिली?

म्हणून माझं सांगणं एवढंच, की नवं काही हाती घेण्याआधी जे रोज पढता तेच दुरुस्त करा आणि तेच समजून घ्या. फातिहा आणि आमपाऱ्याच्या, म्हणजे कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी (भागांपैकी) शेवटच्या पाऱ्याच्या, अखेरच्या दहा सूरह, फीलपासून नासपर्यंत. बहुतेकांची नमाज एवढ्यावरच चालते.

आता फातिहाबद्दल एक फार उपयोगी माहिती. अरबीच्या २८ अक्षरांपैकी सात अक्षरं या सूरहमध्ये येतच नाहीत: से, जीम, ख़े, ज़े, शीन, ज़ोय आणि फे. म्हणजे तुमच्या फातिहात कुठंही ‘ख’ ऐकू आला, तर ती हमखास चूक आहे. आणि आपल्याकडं तो ऐकू येतो. कारण आपली दखनी. दखनीत बडा काफ, म्हणजे क़, घशात घासत जातो आणि कलमचं ‘ख़लम’, करीबचं ‘ख़रीब’, कब्रस्तानचं ‘ख़ब्रस्तान’ होतं. बाजारात, घरात या बोलण्यात काही वावगं नाही, ती आपली गोड बोली आहे. पण तीच सवय नमाजात आली, की ‘मुस्तक़ीम’चं ‘मुस्तख़ीम’ होतं. फातिहात बडा काफ या एकाच जागी आहे आणि तिथंच घात होतो.

मराठी शाळेत शिकलेली, उर्दू न येणारी मुलं उलट चूक करतात. ती बडा काफ साध्या ‘क’सारखा म्हणतात. चार कुलच्या, म्हणजे त्या शब्दानं सुरू होणाऱ्या चार छोट्या सूरहच्या, सुरुवातीला ‘क़ुल’ म्हणजे ‘सांग’. साध्या ‘क’नं ‘कुल’ म्हटलं, की अरबीत अर्थ होतो ‘खा’. ‘क़ल्ब’ म्हणजे दिल. ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. अशा चुकीला तजवीदमध्ये (कुरआनच्या उच्चारशास्त्रात) लह्न-ए-जली म्हणतात. ढळढळीत चूक, अर्थ पालटवणारी. दुसरी लह्न-ए-खफी: गुन्ना (नाकातला गुंजार) कमी झाला, मद (लांबवायचा स्वर) पुरता ओढला गेला नाही, अशी बारीक चूक. आधी जलीच्या मागं लागा. खफी नंतर सुटते. उलटं करणारे पुष्कळ आहेत. सूर कमावतात, गळा फिरवतात आणि बडा काफ तसाच राहतो.

अक्षराची जागा, म्हणजे मखरज, शोधायची जुनी रीत सोपी आहे. त्या अक्षराला जज़्म द्यायचा, म्हणजे ते स्वराविना म्हणायचं, आणि आधी ‘अ’ लावायचा. अक़्, अह़्, अअ़्. आवाज जिथं अडतो ती त्याची जागा. तजवीदवाले एकूण १७ मखरज मानतात आणि ते पाच भागांत बसवतात: तोंडाची पोकळी, घसा, जीभ, ओठ आणि नाकाचा बासा. बड्या काफाला जिभेचं मूळ, अगदी पडजिभेच्या बाजूला, वर टेकतं. साधा ‘क’ त्याच्या जरा पुढं. तळहात गळ्यावर ठेवून दोन्ही आलटूनपालटून दहा दहा वेळा म्हणा. फरक हाताला नाही कळला तरी कानाला कळतो.

फातिहात ऐन सहा वेळा आहे: आलमीन, नअबुदु, नस्तईन, अनअम्त आणि दोनदा अलैहिम. आपण ऐन गिळून टाकतो. ‘नअबुदु’चं ‘नाबुदु’ होतं. ऐन घशाच्या मधल्या भागातून, घसा किंचित आवळून निघतो. तिथूनच बडी हे (ह़) निघते, फक्त ती श्वासाची आहे, आवाजाची नाही. चष्म्याच्या काचेवर वाफ धरताना जो ‘हाऽ’ निघतो तो जरा आवळून काढा. बिस्मिल्लाह धरून ही बडी हे फातिहात पाच वेळा येते. आपला मराठी ‘ह’ तिच्या खालून, घशाच्या तळातून येतो, ती छोटी हे.

‘अल्लज़ीन’मधला ज़ाल हा शिट्टीसारखा ज़ नव्हे. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला हलकं लागतं. मराठीतला ‘जास्त’, ‘जवळ’मधला ज तर इथं मुळीच चालत नाही, कारण त्यात आधी ‘द’ दडलेला असतो. आणि ज़्वाद. मग़ज़ूबि आणि वलज़्ज़ाल्लीन. याच्यावर तर मशिदी मशिदींत वाद. कुणी द म्हणतं, कुणी ज़ म्हणतं. जिभेची एक कड, डावी किंवा उजवी, वरच्या दाढांना टेकवून जाड आवाज काढायचा. हे अक्षर लेखातून शिकता येत नाही. उस्तादांच्या तोंडाकडं बघूनच ते बसतं.

शद्दा, म्हणजे अक्षर दुहेरी म्हणायच्या खुणा, मोजा. बिस्मिल्लाह धरून फातिहात १४ आहेत. ‘इय्याक’ची शद्दा सुटली, की शब्दच बदलतो. जबर-पेश या स्वरखुणांचंही तसंच. ‘अनअम्त’ म्हणजे ‘तू कृपा केलीस’. त्याचं ‘अनअम्तु’ झालं, तर ‘मी कृपा केली’. अल्लाहसमोर उभं राहून अल्लाहचं काम स्वतःच्या नावावर करणं! वरच्या या चुकांपैकी तीन जरी निघाल्या, तरी पढणाऱ्याला स्वतःच्या नमाजात फरक जाणवतो. कारण बरोबर उच्चारासाठी सावकाश जावं लागतं, आणि सावकाश गेलं की लक्ष आपोआप येतं.

देवनागरीत छापलेले पंजसूरे (निवडक सूरहच्या पुस्तिका) बरेच जण वापरतात. त्यांच्याबद्दल स्पष्ट लिहितो. देवनागरीत सीन, स्वाद, से तिघांचा ‘स’ होतो. ज़े, ज़ाल, ज़्वाद, ज़ोय चौघांचा ‘ज’. ते आणि तोय दोघांचा ‘त’. नुक्ते छापणारे छापतात, पण वाचणाऱ्याला ते वेगळे म्हणता येत नाहीत. आलिम मंडळी कुरआन दुसऱ्या लिपीत लिहिण्याला विरोध करतात त्यामागं हेच कारण आहे. ज्याला काहीच येत नाही त्यानं नमाजापुरता आधार म्हणून घ्यावा आणि त्याच दिवशी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) सुरू करावा. ज्याला देवनागरी वाचता येते, त्यानं रोज अर्धा तास दिला तर तीन-चार महिन्यांत नाजरा, म्हणजे बघून वाचणं, अडखळत का होईना सुरू होतं. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ ताडून प्रत शुद्ध केली, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पाठ शुद्ध असावा ही ओढ या मातीला नवी नाही.

वय झालं, आता जीभ वळत नाही, असं म्हणणारे खूप भेटतात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांची (रजि.) हदीस आहे: जो सफाईनं पढतो तो मानाच्या फरिश्त्यांसोबत, आणि जो अडखळत, त्रास सोसत पढतो त्याला दोन अज्र (मोबदले). दुप्पट! पोरांच्या मक्तबात (कुरआन शिकवणाऱ्या शाळेत) बसायला लाज वाटते तर इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर हाफिजसाहेबांना, म्हणजे कुरआन पाठ असलेल्यांना, पंधरा मिनिटं मागा, कुणी नाही म्हणत नाही. बायकांसाठी मोहल्ल्यात शिकवणाऱ्या आपा असतात. मासिक पाळीच्या दिवसांत हनफी मसलकात (पंथात) तिलावत (कुरआनपठण) करत नाहीत, पण ऐकणं, अर्थ शिकणं, दुआ आणि जिक्र चालूच असतं. शब्दार्थाचा धडा त्या दिवसांत घ्यावा. शिकवणाऱ्या आपांना एक एक शब्द तोडून सांगायची सवलतही आलिमांनी दिली आहे.

उस्ताद मिळेपर्यंत कान तयार करा. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांचं पठण त्यासाठी उत्तम. १९६१ साली पूर्ण कुरआनचं पहिलं तरतीलमधलं ध्वनिमुद्रण त्यांच्या आवाजात झालं. सूर साधा, अक्षर न् अक्षर सुटं. आधी ऐका, मग म्हणा, मग स्वतःचं मोबाइलवर रेकॉर्ड करून दोन्ही शेजारी ठेवून ऐका. हे शेवटचं पाऊल बहुतेक जण टाळतात. पण रेकॉर्डिंग उस्तादाची जागा घेत नाही, कारण ते तुम्हाला टोकत नाही.

ओठ न हलवता नुसत्या डोळ्यांनी पान सरकवणं म्हणजे तिलावत नव्हे. जीभ आणि ओठ हलायला हवेत. हनफी फिकहप्रमाणं निदान स्वतःच्या कानाला ऐकू येईल एवढा आवाज हवा. मुसहफला (कुरआनच्या प्रतीला) हात लावायचा तर वजू (हात, तोंड, पाय धुणं) हवा. पाठ असलेलं बिनवजूचं म्हणता येतं, गुस्ल (अंघोळ) फर्ज असताना मात्र नाही. सुरुवात अऊजुने (अल्लाहचा आसरा मागून), तिचा हुकूम सूरह नह्लच्या ९८व्या आयतीत आहे. मग बिस्मिल्लाह, फक्त सूरह तौबाच्या आरंभी ती नाही. वाटेत सजद्याची आयत आली, तर सजदा (जमिनीवर माथा टेकणं) वाजिब (बंधनकारक) होतो. हनफींकडं अशा १४ जागा आहेत आणि समासात तसं छापलेलं असतं.

थांबायच्या खुणांकडं फार कमी लोक बघतात. आपल्याकडच्या मुसहफमध्ये आयतीच्या पोटात छोटी अक्षरं असतात. मीम असेल तर थांबायलाच हवं, न थांबल्यास अर्थ बिघडतो. तोय असेल तर थांबणं चांगलं. जीम असेल तर चालतं. ‘ला’ असेल तर थांबू नका. तीन ठिपक्यांची जोडी असेल, तर दोहोंपैकी एकाच जागी थांबायचं. सूरह बकराच्या दुसऱ्याच आयतीत ‘ला रैब’ आणि ‘फीहि’ यांच्यापुढं हे ठिपके आहेत. श्वास मध्येच संपला तर शेवटच्या अक्षराला जज़्म देऊन थांबा आणि एकदोन शब्द मागं जाऊन पुन्हा जोडा. तिथूनच पुढं उचललं, की वाक्य तुटतं.

थांबण्यानं काय होतं याचं उदाहरण सूरह निसाच्या ४३व्या आयतीत आहे. ‘ला तक़रबुस्सलात’, म्हणजे ‘नमाजच्या जवळ जाऊ नका’. इथंच कुणी थांबला तर? पुढं आहे, ‘तुम्ही नशेत असताना’. सूरह माऊनमध्ये ‘फवैलुल्लिल मुसल्लीन’, नमाज पढणाऱ्यांचा नाश असो. पुढची आयत जोडल्यावर कळतं कोणते नमाजी: जे आपल्या नमाजबद्दल गाफील आहेत ते. या आयतीच्या गोलावर आपल्याकडं ‘ला’ छापतात. ज्याला अर्थ ठाऊक आहे त्याला ही खूण बघावीही लागत नाही. उच्चार आणि अर्थ एकमेकांना असे धरून आहेत.

अर्थाकडं वळताना मराठी माणसाला वाटतं, अरबी म्हणजे डोंगर. पण या डोंगराच्या बऱ्याच पायऱ्या आपल्याच घरातल्या आहेत. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत. त्याच्याही कितीतरी आधीपासून फारसीच्या वाटेनं अरबी शब्द मराठीत मुरलेले. सूरह अस्र घ्या. तीन आयती, चौदा शब्द. ‘वल अस्र’: काळाची शपथ. ‘इन्नल इन्सान लफी खुस्र’: इन्सान खात्रीनं तोट्यात आहे. ‘इल्लल्लज़ीन’: सोडून ते, जे. ‘आमनू’: ईमान आणतात. ‘व अमिलुस्सालिहात’: आणि अमल करतात, चांगले. ‘व तवासौ बिलहक़्क़’: आणि एकमेकांना हक्काची, सत्याची ताकीद देतात. ‘व तवासौ बिस्सब्र’: आणि सब्रची. इन्सान, ईमान, अमल, हक्क, सब्र. पाच शब्द आपल्याला आधीच येतात. खुस्र म्हणजे उर्दूतला खसारा. उरलं काय? अस्र, इल्ला, अल्लज़ीन, सालिहात, तवासौ. त्यातले इल्ला आणि अल्लज़ीन एकदा पाठ झाले, की पानापानावर भेटतात.

मात्र ओळखीचे शब्द दगाही देतात. ‘मालिकि यौमिद्दीन’मधला दीन ऐकून कुणाला दीनदुबळा आठवतो, कुणाला दिन म्हणजे दिवस. इथं दिवस म्हणजे यौम, आणि दीन म्हणजे कर्माचा मोबदला. हिशेबाच्या दिवसाचा मालक. ‘वकील’ म्हणजे कोर्टातला काळा कोट नव्हे. ‘हस्बुनल्लाहु व निअमल वकील’ यात वकील म्हणजे ज्याच्यावर सगळं सोपवून निर्धास्त व्हावं तो. मराठीत ‘खलास’ म्हणजे संपलं. अरबीत त्याच धातूचा अर्थ निर्भेळ होणं, सुटणं, आणि त्यातूनच ‘इख्लास’, निर्मळ निष्ठा. जुलूम आपल्याकडं सत्ताधारी करतो. कुरआनमध्ये माणूस स्वतःवरही करतो, आणि सूरह लुकमानमध्ये शिर्कला (अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार मानण्याला) ‘मोठा जुलूम’ म्हटलंय. रहमान आणि रहीम यांचं ‘कृपाळू, दयाळू’ असं भाषांतर होतं, ते चूक नाही, पण कोरडं आहे. हा धातू ‘रहिम’चा, म्हणजे आईच्या गर्भाशयाचा. हदीसे कुदसीत (अल्लाहचे बोल पैगंबरांनी सांगितलेल्या हदीसेत) अल्लाह सांगतो, की रहिमचं नाव मी माझ्या नावातून काढलं. हे कळल्यावर बिस्मिल्लाह पहिल्यासारखी म्हटली जात नाही.

धातूचं महत्त्व दाखवणारी एक जागा शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची आहे. सूरह हदीदच्या २०व्या आयतीत दुनियेच्या जगण्याला पावसाची उपमा दिलीय. पाऊस पडतो, पीक उगवतं, ते बघून ‘कुफ्फार’ खूश होतात, मग ते वाळतं, पिवळं पडतं, त्याचा भुगा होतो. इथं कुफ्फार म्हणजे शेतकरी. मूळ धातू झाकण्याचा. बी मातीत झाकतो तो शेतकरी, आणि सत्य झाकतो तो काफिर. नुसतं ‘काफिर’ शब्दावर बोट ठेवून वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी ही आयत वाचावी. जून-जुलैत सोयाबीन उगवताना बघून हरखलेला आणि पुढच्या खंडात ते पिवळं पडताना बघितलेला माणूस या आयतीला कुठल्याही तफसीरआधी (भाष्याआधी) ओळखतो.

पाण्याचंही तसंच. सूरह मुल्क अनेक घरांत रोज रात्री झोपताना पढतात. ३० आयती, पाठ असतात, डोळे मिटत मिटत संपतात. शेवटच्या आयतीत प्रश्न आहे: तुमचं पाणी जमिनीत खोल उतरून गेलं, तर वाहतं पाणी तुम्हाला कोण आणून देईल? २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. बोअर आटलेल्या गावात ही आयत रोज रात्री पढली जात होती आणि किती जणांना ठाऊक होतं की आपण काय पढतोय? या प्रश्नावर आलिम सांगतात, मनाशी उत्तर द्यावं: अल्लाहच, जो सगळ्या जगांचा पालनकर्ता. असं उत्तर देणं ही सुन्नतचीच रीत आहे. हजरत हुजैफा (रजि.) सांगतात, की रात्रीच्या नमाजात पैगंबर (सल्ल.) तस्बीहची (अल्लाहच्या स्तुतीची) आयत आली की तस्बीह करत, मागण्याची आली की मागत, पनाहची (आसऱ्याची) आली की पनाह घेत. पावसासाठी मैदानात नमाजे इस्तिस्का होते, तेव्हा सूरह नूहमधला ‘माफी मागा, तो तुमच्यावर धो धो पाऊस धाडील’ हा भाग आठवतो. त्या आयतींत पावसाच्या आधी माफी आहे, हे अर्थ बघितल्याशिवाय कळत नाही.

अर्थ कळला, की तो मागणी करतो. सूरह रहमानच्या नवव्या आयतीत ‘वज़्न’, ‘क़िस्त’ आणि ‘मीज़ान’ तिन्ही शब्द एकत्र येतात: वजन न्यायानं करा आणि काट्यात घट करू नका. सूरह मुतफ्फिफीन तर सुरूच होते घेताना भरून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांच्या नाशानं. मराठीत याला आपण मापात पाप म्हणतो. मोंढ्यात अडत चालवणारा, किराणा तोलणारा ही सूरह नमाजात ऐकतो आणि सलाम फेरून, नमाज संपवून, काट्यावर जातो. अबू अब्दुर्रहमान सुलमी यांनी सहाबांची (पैगंबरांच्या सोबत्यांची) रीत सांगितलीय: दहा आयती शिकायच्या, त्यातलं ज्ञान आणि अमल दोन्ही अंगी बाणल्याशिवाय पुढच्या दहांना हात लावायचा नाही.

अनुवाद वाचताना लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, बकरापासून कादंबरीसारखं सुरू करतात आणि वारसा, तलाक, कर्ज यांच्या हुकमांत अडकून सोडून देतात. तिसाव्या पाऱ्यापासून सुरू करा. सूरह ७८ ते ११४, बहुतेक मक्की (मक्केच्या काळात उतरलेल्या), लहान, थेट अंतःकरणाशी बोलणाऱ्या. दुसरं, एक आयत सुटी उचलून फैसला करतात. आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा आयती वाचल्याशिवाय बोलू नका. ती कुठल्या प्रसंगी उतरली ते तफसीरमध्ये बघा. मसला (धर्मनियम) काढायचा तर मुफ्तीकडं जा. चिंतन सगळ्यांसाठी आहे, फतवा सगळ्यांसाठी नाही. मराठीत पूर्ण कुरआनचे अनुवाद मिळतात, आणि उर्दू न येणाऱ्या आपल्या पोरांनी ते संकोच न करता वाचावेत. अठराव्या शतकात शाह वलीउल्लाहांनी फारसीत अनुवाद केला तो याच गरजेपोटी, की लोकांची वाचायची भाषा तेव्हा फारसी होती.

किती पढावं? हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज एक कुरआन संपवायचे. त्यांना पैगंबरांनी (सल्ल.) महिन्यात एक सांगितलं, ते आणखी मागत गेले तेव्हा सात दिवसांवर आणून थांबवलं. तीन दिवसांच्या आत संपवणाऱ्याला काही उमगलं नाही, अशीही हदीस आहे. १५ ओळींच्या मुसहफमध्ये एक पारा साधारण २० पानांचा, म्हणून रमजानमध्ये प्रत्येक नमाजनंतर चार पानं पढली की रोज एक पारा होतो. ही सोय चांगली. पण सावकाश पढणाऱ्याला एका पाऱ्याला पाऊण तास ते तासभर लागतो, आणि ज्याच्याकडं तेवढा वेळ नाही त्यानं दोन खतमच्या (कुरआन दोनदा संपवण्याच्या) मागं पळू नये. तरावीहमध्ये (रमजानच्या रात्रीच्या नमाजात) सवा पारा अशा वेगानं जातो, की मागच्या सफला (रांगेला) ‘यअलमून-तअलमून’शिवाय काही ऐकू येत नाही. अशा जागी हाफिजसाहेबांचा दोष कमी आणि घड्याळ बघणाऱ्या, मागं उभ्या मुक्तद्यांचा जास्त. निदान असरनंतर त्या रात्रीच्या सवा पाऱ्याचा, म्हणजे २५ पानांचा, अनुवाद चाळून ठेवा. उभं राहिल्यावर ओळखीची नावं येऊ लागतात: मूसा, यूसुफ, मरियम. पाय दुखत असले तरी कान टवकारतात.

मय्यतीच्या घरी तीस पारे वाटून तासाभरात कुरआनखानी उरकतात. ज्याला भरभर येत नाही तो लाजेखातर पानं उलटतो. त्यानं पाराच घेऊ नये. दोन पानं नीट पढावीत.

रोजच्यासाठी अर्धा तास पुरे. दहा मिनिटं उच्चार, एकच चूक धरून. दहा मिनिटं एक रुकू (परिच्छेद), तरतीलनं. समासात ऐन छापलेला असतो तिथं रुकू संपतो. ऐनच्या पोटातला आकडा त्यातल्या आयतींचा. उरलेली दहा मिनिटं त्याच रुकूचा अर्थ. आठवड्यात एक दिवस नवं काही नाही, फक्त मागचं. हिफ्जची (कुरआन पाठ करणारी) मुलं सबक (नवा धडा), सबकपारा (चालू पारा) आणि आमोख्ता (मागचं पाठ) असं तिहेरी म्हणतात ते याचसाठी. पैगंबरांनी (सल्ल.) म्हटलंय, की दावण सोडून पळणाऱ्या उंटापेक्षा कुरआन लवकर निसटतो.

आणि फातिहा दर आयतीला थांबून पढा. सहीह मुस्लिममधल्या हदीसे कुदसीत अल्लाह म्हणतो, नमाज मी माझ्यात आणि माझ्या बंद्यात निम्मी निम्मी वाटलीय. बंदा ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो, तेव्हा उत्तर येतं, ‘माझ्या बंद्यानं माझी स्तुती केली.’ ‘अर्रहमानिर्रहीम’वर, ‘माझे गुण गायले.’ ‘मालिकि यौमिद्दीन’वर, ‘माझा गौरव केला.’ ‘इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन’वर, ‘हे माझ्यात आणि माझ्या बंद्यात.’ आणि ‘इहदिनस्सिरात’पासून शेवटपर्यंत, ‘हे माझ्या बंद्याचं, आणि त्यानं मागितलं ते त्याला.’ एका श्वासात सातही आयती ओढणारा उत्तरासाठी जागाच ठेवत नाही.

ज्यांची नजर गेलीय, ज्यांना आता अक्षर दिसत नाही, त्या दादी-नानांपाशी घरातल्या पोरांना मगरिबनंतर बसवा. पोरानं पढायचं, त्यांनी ऐकायचं. ऐकणं हीसुद्धा इबादतच. पैगंबरांनी (सल्ल.) एकदा हजरत इब्ने मसऊदना (रजि.) म्हटलं, ‘मला कुरआन ऐकव.’ ते म्हणाले, ‘मी आपल्याला ऐकवू? उतरलं तर आपल्यावरच!’ उत्तर मिळालं, ‘मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडतं.’ त्यांनी सूरह निसा सुरू केली. ४१व्या आयतीवर आले, ‘मग कसं होईल, जेव्हा आम्ही प्रत्येक उम्मतीतून एक साक्षीदार आणू आणि यांच्यावर साक्षीदार म्हणून तुम्हाला आणू?’ पैगंबर (सल्ल.) म्हणाले, ‘बस, आता पुरे.’ इब्ने मसऊदनी वळून बघितलं, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.